मीटर माणसं मोजत नाही

विजेच्या बिलावर बरंच काही छापलेलं असतं. ग्राहक क्रमांक, मंजूर भार, चालू रीडिंग, मागचं रीडिंग, स्थिर आकार, वहन आकार, 16 टक्के वीज शुल्क, मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख. त्या घरात माणसं किती राहतात, एवढं मात्र कुठेच नसतं. घरगुती विजेबद्दल आपण जे बोलतो, त्यातला निम्मा गोंधळ मला या न विचारलेल्या प्रश्नामुळे झालेला वाटतो.

आमच्याच कुटुंबातली दोन घरं घेते. एक नागपूरच्या महाल भागातलं, सासऱ्यांच्या वेळचं. तिथे सासूबाई, भासरे, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, दोन सुना आणि दोन नातवंडं असे नऊ जण राहतात. दुसरं आमचं, मनीषनगरातलं तीन बेडरूमचं. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, घरात आम्ही दोघंच. मे महिन्यात महालातल्या मीटरवर पाचशेच्या थोडे वर युनिट पडतात, आमच्याकडे सव्वातीनशेच्या आसपास. दोन्ही बिलं शेजारी ठेवली तर आम्ही काटकसरी ठरतो. माणशी भागाकार केला की तिकडे एकेकाच्या वाट्याला साठच्या आतबाहेर युनिट येतात आणि इकडे एकशे साठ.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटला एक दर, मग 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात दुपटीहून जास्त अंतर आहे. यामागचा विचार चांगला आहे: गरजेपुरती वीज स्वस्त, चैनीची महाग. पण टप्पे जोडणीला लावलेले आहेत, माणसाला नाहीत. त्यामुळे महालातले शेवटचे युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यात जातात. तिथे चैन करणारं कोणी नाही, एका मीटरमागे नऊ जण आहेत एवढंच. आम्ही दोघं मात्र तिसऱ्या टप्प्याला जेमतेम शिवून परत येतो.

गॅसचंही असंच झालं होतं. अनुदानाच्या सिलिंडरवर मर्यादा आली ती 2012 मध्ये, वर्षाला सहा. मग नऊ झाले, 2014 पासून बारा. दोघांच्या घरालाही बारा आणि नऊ जणांच्या घरालाही बारा. एकत्र जेवणाऱ्या घरांनी त्या काळात काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, कागदोपत्री चुली वेगळ्या झाल्या.

जाऊबाईंना अधूनमधून कोणीतरी सुचवत असतं की वरच्या मजल्याला दुसरं मीटर घ्या. दोन स्थिर आकार भरूनही बिल उतरेल, हिशेब खरा आहे. त्या मला म्हणाल्या, "बिल कमी येते म्हणतात सगळे. पण मग चूल वेगळी, फ्रिज वेगळा, कुलर वेगळा. वीज कमी कुठे होऊन राहिली त्यात?" जाऊबाई दहावीपर्यंत शिकल्या. हा प्रश्न त्यांनी ज्या सरळपणे मांडला, तसा मी कुठल्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकला नाही. रुपये कमी होतात आणि कोळसा जास्त जळतो, असं ते गणित आहे.

घरात वीज कशाकशाला लागते हे मी एकदा बसून लिहून काढलं, तेव्हा ती तीन वेगवेगळ्या गोष्टींमागे जाते असं दिसलं. काही वीज माणसामागे लागते. थंडीतली अंघोळ घ्या. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत नळाचं पाणी हाताला झोंबतं. वीस लिटरची बादली अंघोळीपुरती गरम करायला साधारण अर्धा युनिट लागतो. नऊ अंघोळी म्हणजे साडेचार युनिट, त्यात एकत्र राहण्याने काही वाचत नाही. कपडे धुणंही तसंच. काही वीज घरामागे लागते, माणसं किती का असेनात. फ्रिज रात्रंदिवस चालतो. अडीचशे लिटरच्या बऱ्या फ्रिजला वर्षाला दोनशे ते अडीचशे युनिट लागतात. महालात ते नऊ जणांत वाटले जातात, आमच्याकडे दोघांत. मुलाकडे पुण्यात एक फ्रिज आहे, मुलीकडे बंगळुरूत दुसरा. सून धरून पाच जणांचं आमचं कुटुंब तीन फ्रिज चालवतं. राऊटर दहा वॅटचा, दिसायला किरकोळ, पण वर्षभर चालू ठेवला की जवळजवळ 88 युनिट होतात, आणि असे आमचे तीन आहेत. फाटकावरचा दिवा, इन्व्हर्टरची बॅटरी, टाकीत पाणी चढवणारी मोटर, सगळं याच खात्यात.

आणि काही वीज खोलीमागे लागते. नागपुरात उन्हाळ्याचं बिल ठरतं ते इथे. म्हणून यावर जरा थांबायला हवं.

बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. खोलीत एक माणूस वाढला तर तेवढं ओझं वाढतं. पण वरचा स्लॅब दिवसभर तापलेला असेल, पश्चिमेची भिंत उघडी असेल, तर छतातून आणि भिंतीतून आत येणारी उष्णता त्याच्या कित्येक पट असते. म्हणजे मे महिन्यात आपण माणसं थंड करत नसतो, सिमेंट थंड करत असतो. एका खोलीत एक झोपला काय आणि चार झोपले काय, मशीनला फारसा फरक पडत नाही. दुसरी खोली सुरू केली की मात्र जवळजवळ दुप्पट.

मे 2013 मध्ये नागपुरात पारा 47.9 वर गेला होता. नवतपा म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. 25 मेच्या सुमाराला सुरू होणारे ते नऊ दिवस, दुपारी रस्त्यावर दुपट्टे गुंडाळलेली डोकी आणि रात्री बाराला गच्चीवर हात ठेवला तर चटका. अशा शहरात गारवा ही चैन नाही, हे मी ठामपणे म्हणते. म्हाताऱ्या माणसाचा आणि तान्ह्या बाळाचा त्यावर जीव अवलंबून असतो. वीज वाचवा म्हणून कोणाला उकाड्यात झोपवायचं नाही. गारवा हवाच, फक्त तो किती खोल्यांत हवा हे विचारायचं.

महालातल्या घरात मार्च सरता सरता कुलर निघतो. माळ्यावरून लोखंडी पेटी खाली येते, जुनी खस काढून नवी भरली जाते, पंप चालतोय का ते बघितलं जातं, स्टँड अंगणाकडच्या खिडकीला लावलं जातं. पहिल्या दिवशी ओल्या खसेचा वास घरभर होतो आणि नातवंडं जाळीसमोर तोंड करून ओरडतात, कारण आवाज कापत येतो. रात्री माजघरात गाद्या पडतात. सासूबाई बाजेवर, बाकी बायका-मुलं खाली, पुरुष ओसरीकडच्या दाराशी, कारण कुलरची हवा माजघरातून निघून त्या दाराने बाहेर जाते. दोनशे वॅटच्या आसपासचा तो कुलर आठ तास चालला तर दीड-पावणेदोन युनिट होतात आणि त्यात अख्खं घर झोपतं. आमच्याकडे दीड टनाचा चांगला एसी एका बेडरूमला तेवढ्या वेळात सहा-सात युनिट घेतो. हे घोरतात, त्यामुळे आतापर्यंत पुष्कळ रात्री दोन बेडरूम आणि दोन एसी चालायचे.

या दोन यंत्रांच्या स्वभावाकडे मी खूप वर्षं बघत आले आहे. कुलरला उघडं दार लागतं. एका बाजूने हवा आत आली की दुसऱ्या बाजूने ती बाहेर जायलाच हवी, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. म्हणून कुलरचा गारवा आपोआप दुसऱ्या खोलीत, तिसऱ्या खोलीत जातो. एसीला बंद दार लागतं. उघडं राहिलं की घरातलं कोणीतरी ओरडतं, "दार लाव!" आमच्या पिढीत घरं बदलली ती नोकऱ्यांनी, शिक्षणाने, जमिनीच्या भावाने, हे खरं आहे. पण घरातल्या घरात माणसं आपापल्या खोलीत जाऊन दार लावू लागली, त्यात या यंत्राचा हात आहे असं मला मनापासून वाटतं.

कुलरचंही सगळं गोड नाही. तो पाणी पितो, आणि आपल्याकडचं पाणी पेंच धरणावरून येतं. जूनच्या शेवटी हवेत ओलावा आला की तो निकामी, नुसता पंखा. आणि एका माजघरात सगळ्यांनी झोपायचं म्हणजे काय, ते नव्या सुनेला विचारा. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा स्वयंपाकघरात पंखा नव्हता, कारण पंख्याने शेगडीची आच हलते. मे महिन्यात अकरा माणसांच्या पोळ्या आम्ही दोघी जावा आलटूनपालटून लाटायच्या. पाणी बादल्यांनी चढायचं, कपडे दगडावर, चटणी पाट्यावर. त्या घराचं विजेचं बिल इतकं लहान असायचं, कारण बरीचशी कामं बायकांच्या दंडांवर चालायची. म्हणून कोणी एकत्र कुटुंबाचं गुणगान वीजबचतीच्या नावाने करू लागलं की मला ते मान्य होत नाही. मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, ते आधीच यायला हवं होतं. त्यांना लागणारी वीज थोडी आहे आणि ती सत्कारणी लागते. मिक्सर दिवसातून पाच मिनिटं फिरतो. त्याच्याकडे बोट दाखवून तीन बेडरूमच्या एसीबद्दल गप्प राहणं मला पटत नाही.

बाहेरच्या जगात हे सगळं आपल्याआधी होऊन गेलंय. अमेरिकेत 1973 मध्ये नव्या घराचं सरासरी क्षेत्रफळ सुमारे 1,660 चौरस फूट होतं, 2015 मध्ये ते 2,680 च्या वर गेलं. त्याच काळात तिथलं सरासरी कुटुंब तीन माणसांवरून अडीचवर आलं. ढोबळ भागाकार केला तरी माणशी जागा जवळजवळ दुप्पट झाली. तिथल्या ऊर्जाखात्याच्या एका पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. 2000 नंतर बांधलेली घरं आधीच्यांपेक्षा तीस टक्के मोठी, तरी त्यांचा ऊर्जावापर जुन्या घरांच्या साधारण बरोबरीचा, दोनेक टक्के जास्त. हे वाचून बरेच जण खूश झाले. मला ते वेगळं दिसतं. चांगल्या खिडक्या, चांगली यंत्रं, भिंतींचं चांगलं अस्तर, या सगळ्या सुधारणांनी वाचवलेली ऊर्जा वाढीव खोल्यांनी खाऊन टाकली. घर होतं तेवढंच राहिलं असतं तर ती हातात उरली असती.

आणि घरांची संख्या माणसांपेक्षा वेगाने वाढते, हेही काही नवीन नाही. 2003 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जियांगुओ लिऊ आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला होता. जैवविविधतेने संपन्न अशा देशांमध्ये लोकसंख्येपेक्षा कुटुंबांची संख्या वेगाने वाढतेय, कारण एका कुटुंबातली माणसं कमी होताहेत, असं त्यांनी दाखवलं होतं. आपल्या जनगणनेतही तेच आहे. 2001 मध्ये भारतात एका कुटुंबात सरासरी 5.3 माणसं होती, 2011 मध्ये 4.9. दशांशचिन्हानंतरचा हा बदल अगदीच बारीक वाटतो. शंभर माणसांना आधी एकोणीस घरं पुरत होती, आता वीसहून जास्त लागतात. प्रत्येक वाढीव घराबरोबर एक फ्रिज, एक राऊटर, एक गीझर आणि निदान एक कुलर येतो.

ही वीज येते कुठून, हे नागपूरकराला तरी विसरता येऊ नये. नवरात्रात आपण कोराडीला देवीच्या दर्शनाला जातो तेव्हा समोर वीजकेंद्राच्या त्या चिमण्या उभ्या असतात. तिथे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्याचं वीजकेंद्र. एक युनिट बनवायला सहाशे ते साडेसातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी राख होऊन उरतो. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, ओढ्यांत शिरलं. मुंबईच्या माणसाला वीज भिंतीतून येते असं वाटलं तर मी समजू शकते. आपल्याला तसं वाटायला जागा नाही. आमच्या दोन एसींच्या एका रात्रीमागे आठ-नऊ किलो कोळसा जातो, आणि तो माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जळतो.

30 मे 2024 आठवतो का? त्या दिवशी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, तोवरचा उच्चांक. त्याच दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातम्या झाल्या. संवेदक बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण ती बातमी खोटी आहे असं आमच्या कॉलनीत त्या दिवशी कोणाला वाटलं नव्हतं, इतकं ऊन होतं. आणि त्या उन्हात भर घालायला प्रत्येक बंद खोलीची गरम हवा बाहेरच्या मशीनमधून गल्लीत येत होती. ज्यांच्याकडे कुलरच आहे ते तीच हवा आत ओढतात.

यावर बरेच जण स्टारचं नाव घेतात. पाच स्टारचं घ्या, झालं. स्टार जरूर बघावेत, पण ते त्या-त्या आकाराच्या यंत्रांत तुलना करून दिलेले असतात. मोठ्या पाच स्टार फ्रिजला लहान तीन स्टार फ्रिजपेक्षा जास्त वीज लागू शकते. त्याच पट्टीवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, तो आकडा खरा. एसी 24 वर ठेवा, दर अंशाला सहाएक टक्के वाचतात, तेही बरोबर. पण ही सगळी एका खोलीतली बचत आहे. शेजारच्या खोलीतही तोच 24 चा एसी चालू असेल तर ती तिथेच विरून जाते.

मग करायचं काय, असं मला भिशीतल्या मैत्रिणी विचारतात. सगळ्यांनी पुन्हा महालात जाऊन राहावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः जाणार नाही. स्वयंपाक वेगळा ठेवून गारवा एकत्र करता येतो. प्रतापनगरला एक ओळखीच्या बाई आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. चार खोल्यांचा बंगला, मुलं परदेशी. त्यांनी वरच्या दोन खोल्या शिकणाऱ्या मुलींना दिल्या, गडचिरोली-गोंदियाकडच्या. उन्हाळ्यात वरच्या खोल्या भट्टी होतात म्हणून मे महिन्यात मुली खाली हॉलमध्ये झोपायला येतात. मोठा कुलर एकच, बाईंना रात्री सोबतही होते. बिल त्या तिघींत वाटतात. नागपुरात अशी किती घरं आहेत! धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर, एकेका बंगल्यात एक नाहीतर दोन म्हातारी माणसं, आणि चार रस्ते पलीकडे एका खोलीत चौघं मुलं तापलेल्या पत्र्याखाली अभ्यास करताहेत. हे जुळवून देणं कोणाचं तरी काम असायला हवं. भीती असते, मला कळतं. भाडेकरू घर बळकावतील, मुलींची जबाबदारी कोण घेणार. पण ती भीती चार चांगल्या करारांनी आणि ओळखीपाळखीने कमी होते, बंगला रिकामा ठेवून होत नाही.

आमच्या घरात मी आणखी एक केलंय. एप्रिल ते जून वरच्या बाजूची आणि पश्चिमेची खोली बंद. तिथे रात्री कोणी झोपत नाही, दुपारी कोणी बसत नाही, पडदे ओढलेले. गच्चीवर पांढरा चुना मारलाय आणि वर हिरवी जाळी. ह्यांच्या घोरण्यावर डॉक्टरांनी कुशीवर झोपायला सांगितलं, त्याने पुष्कळ फरक पडला. त्यामुळे आताशा बहुतेक रात्री एकच खोली चालू असते.

मुलगा आणि सून पुढच्या वर्षी इथल्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी घेऊन येताहेत. वेगळे राहणार आहेत, ते मला योग्यच वाटतं. बेसा भागात फ्लॅट बघणं चालू आहे. त्याने मला दोन नकाशे पाठवले. दोन्ही तीन बेडरूमचे, एक डुप्लेक्स. त्यात हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोकळा पट्टा, मध्ये ना भिंत ना दार, आणि हॉलचं छत थेट दुसऱ्या मजल्याला भिडलेलं. फोटोत फार देखणं दिसतं. मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, मे महिन्यात दुपारी दोघं हॉलमध्ये बसाल तेव्हा दोन मजल्यांची हवा थंड करावी लागेल. गार हवा खाली आणि पैसे वर."

"मग आई, घेऊ काय? दोन बेडरूमचं लहान पडेल ना पुढे," तो म्हणाला.

मी त्याला लहान घे असं सांगितलं नाही. उद्या मूल होईल, आम्ही येऊन राहू, तिची आई येईल. मी त्याला विचारायचे प्रश्न दिले. वर आणखी मजला आहे की उघडा स्लॅब? मोठी बेडरूम पश्चिमेला आहे का? खिडकीत कुलर बसेल की काचा पक्क्या आहेत? समोरासमोर खिडक्या आहेत का, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल? हॉल आणि जेवणाच्या जागेच्या मध्ये सरकतं दार बसवता येईल का? आणि माणसं किती राहणार आहेत, कायमची, पाहुणे सोडून?

शेवटच्या प्रश्नावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सध्या दोघंच." डुप्लेक्स त्याने यादीतून काढलाय. दुसऱ्या फ्लॅटच्या सरकत्या दाराचं बिल्डरला विचारून कळवतो म्हणाला.